संवत १९४९, शके १८१४

घर बघायला गेलो तेव्हा आम्ही खोल्या मोजत होतो. साल मोजायचे कुणाच्या डोक्यात नव्हते. मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि सासूबाई असे चौघे बडोद्याच्या नव्या भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो आणि पाचवे माणूस येऊ घातले होते. सासूबाईंची खाट दिवाणखान्यात, लेकीचे दप्तर त्या खाटेखाली, माझी पुस्तके स्वयंपाकघरातल्या माळ्यावर, डब्यांच्या मागे. तीन खोल्यांच्या फ्लॅटचे भाव ऐकून झाले. मग दलालाने सुचवले, रावपुरा आणि दांडिया बाजार यांच्या मधल्या एका गल्लीत जुने घर आहे. मालक मराठीच, मुले सगळी परगावी आणि परदेशी. मोठ्या फ्लॅटपेक्षा स्वस्तात जाईल.

दलाल कुलूप काढता काढता म्हणाला, "मराठानो वाडो छे, बेन. अरविंदबाबू अहीं रहेता." बडोद्यातल्या कुठल्याही जुन्या घराविषयी हे सांगतात. अरविंद घोष १८९३ च्या फेब्रुवारीत विलायतेहून परतून गायकवाडांच्या नोकरीत रुजू झाले आणि १९०६ पर्यंत इथे होते. तेरा वर्षांत माणूस राहून राहून किती घरांत राहील? दांडिया बाजारातले त्यांचे घर सगळ्यांना माहीत आहे आणि ते हे नव्हे. मी काही बोलले नाही. आत गेलो. देवडी, मधला चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंना ओसरी, वर माडी, मागे दुसरा लहान चौक आणि आड. चौकात पिंपळाचे रोप भिंतीतून बाहेर आले होते. लेकीने विचारले, "घरात पाऊस पडतो का?" नवरा म्हणाला, "पडायलाच पाहिजे, म्हणून वर उघडे ठेवलेय." त्या एका वाक्यावर ती त्या घराची झाली. आम्हाला अजून तीन महिने लागले.

खरेदीबरोबर मालकांनी एक पत्र्याची पेटीही दिली. आम्ही मागितली नव्हती. "तुम्हाला वाचता येत असेल तर बघा, नाहीतर रद्दीत घाला," असे त्यांच्या थोरल्या मुलाने फोनवर सांगितले. पेटीत घरपट्टीच्या पावत्या, भाडेकऱ्यांबरोबरचे कज्जे आणि तळाशी मोडीतले काही सुटे कागद. मोडी मला जेमतेम येते. ग्रंथालयातल्या नोकरीत गरजेपोटी शिकले, तेवढीच. पण हिशेबाचा कागद वाचायला फार मोडी लागत नाही. आकडे ओळखता आले आणि दहा-वीस शब्द लागले की बाकीचे आपोआप उलगडते. साग बिलिमोऱ्याहून, चुना, विटा, गवंड्यांची रोजमुरी. आणि एका दिवसाखाली नारळ, गूळ आणि सुताराला पागोटे. म्हणजे आढे चढवले तो दिवस. वर शके १८१४ स्पष्ट होते. महिना आणि तिथी मात्र वाळवीने खाल्लेली.

महिना हवा होता, कारण घराच्या अंगावरही एक साल होते. माडीवर छपराच्या कण्याला, आढ्याला, सुताराने आकडे कोरले होते. कोळिष्टके आणि धुराची काजळी पुसल्यावर ते दिसले. संवत १९४९, आकडे गुजराती.

लिहिणारा मालक दख्खनी, कोरणारा सुतार गुजराती. मालकाचे वर्ष चैत्रात गुढीबरोबर बदलायचे, सुताराचे दिवाळीनंतर कार्तिकात. एकाच घरात एकाच दिवशी दोन वर्षे चालू होती आणि दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नव्हते. मला मात्र त्याचा उपयोग झाला. शके १८१४ म्हणजे १८९२ चा पाडवा ते १८९३ चा पाडवा. गुजरातचा संवत १९४९ म्हणजे १८९२ ची दिवाळी ते १८९३ ची दिवाळी. दोन्ही एकमेकांवर ठेवली तर जेमतेम पाच महिने उरतात, दिवाळीपासून पाडव्यापर्यंत. वाळवीने खाल्लेला महिना मिळाला नाही, पण ऋतू मिळाला. पावसाळा संपलेला, आडाला पाणी भरपूर, चुना बेताने वाळेल अशी थंडी आणि पुढचा पाऊस यायच्या आत वर कौले. काम जाणणाऱ्या माणसांनी काढलेला मुहूर्त होता तो. अरविंदबाबू त्या हिवाळ्याच्या शेवटी या शहरात आले. दलाल फार चुकला नव्हता. ते आमच्या घरात राहिले नाहीत, पण बडोद्यात ते आणि आमचे आढे साधारण एकाच सुमाराला आले.

तो काळ बडोद्यात बांधकामाचाच होता. सयाजीरावांच्या हाती पूर्ण कारभार १८८१ च्या अखेरीस आला. लक्ष्मीविलास १८९० मध्ये उभा राहिला, कलाभवन त्याच वर्षी सुरू झाले, पुढे १८९६ मध्ये न्यायमंदिराची इमारत. आजव्याच्या तलावाचे पाणी त्याच सुमारास नळाने शहरात येऊ लागले होते. राजवाड्यावर काम केलेले हात शहरात होते आणि दख्खनेतून नोकरीला आलेल्या कारकुनांना, मामलेदारांना घरे हवी होती. आमचे घर अशाच कुणा मधल्या फळीतल्या नोकरदाराचे. तांबेकरांच्या वाड्यातल्यासारखी भिंतींवर चित्रे नाहीत, कोरीवकाम फक्त देवडीच्या दोन खांबांवर. पैसे तिथेच संपले असावेत. या एका बाबतीत मला मूळ मालक फार जवळचा वाटतो.

सुतारकाका सत्तरीच्या पुढचे. त्यांच्याबरोबर काम करताना माझा एक कोश तयार झाला. मी आढे म्हणे, ते मोभ. मी तुळई म्हणे, ते भारोट. वाळवी ती ऊधई, कोनाडा तो गोखलो, माडी ती मेडी. ओसरी मात्र दोघांचीही ओसरीच. त्यांनीच सांगितले की मोभावरून मोभी, म्हणजे घरातला कर्ता. आमच्याकडे घर फिरले की वासे फिरतात, त्यांच्याकडे घर मोभावर उभे असते. महाराजांनी कारभारातल्या शब्दांसाठी १९३१ मध्ये आठ भाषांचा 'शासनशब्दकल्पतरू' करवून घेतला होता. आमच्या घराला दोन भाषांचा पुरला. आढ्यावर वाकस आपटून ते म्हणाले, "बेन, आ मोभ हजी सो वरस चालशे." मग खाली येऊन ओसरीच्या तीन खांबांच्या पायाशी बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

रोग तिथे होता आणि तो जुना नव्हता. चाळीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी ओल दिसते म्हणून खालच्या भिंतींना कमरेइतका सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्यातली वीट जमिनीतले पाणी वर ओढते आणि हवेत सोडून देते. भिंत उन्हाळ्यात वाळते, पावसाळ्यात ओली होते, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे तिचे असे चालले होते. सिमेंटने तिचे तोंड बंद केले. पाणी यायचे थांबले नाही, बाहेर पडायचे थांबले. ते गिलाव्याच्या वर चढले आणि बाजूला वळून लाकडात शिरले. खांब दगडी कुंभीवर टेकवलेले, म्हणजे मूळच्या माणसाने लाकूड जमिनीपासून उचलून धरले होते. नंतरच्याने कुंभीही सिमेंटमध्ये पुरून टाकली. खांबात स्क्रूड्रायव्हर मनगटापर्यंत गेला.

आम्हाला भेटलेल्या पहिल्या दोन ठेकेदारांचा सल्ला एकच होता: पाडा, कॉलम टाका, वाटल्यास पुढचे दोन खांब शोभेला लावा. तिसरा एक तरुण आर्किटेक्ट मिळाला, त्याने टेकू लावले, जॅकने तुळई केसभर उचलली, खांबाचा सडलेला पाय दोन हात कापला आणि नवा पाय सांध्याने जोडला. नवा म्हणजे जुनाच. एवढ्या जुन्या सागाला ओलसर नवा साग चालत नाही, तो पुढे आकसतो. जुने लाकूड मिळते जुन्या लाकडाच्या बाजारात, आणि तिथे ते येते पाडलेल्या घरांतून. आमच्या एका खांबाच्या पायाला अर्ध्या उंचीवर एक चौकोनी खाच आहे, आमच्या घरात तिच्यात बसेल असे काहीच नाही. तिथे कुणाच्या तरी जिन्याची फळी असेल, किंवा पाळण्याचा आडवा दांडा. आमचे घर वाचले त्यासाठी कुणाचे तरी आधीच पडलेले असणे आवश्यक होते. या गोष्टीचा मी फार विचार करत नाही.

आर्किटेक्टने पहिल्याच बैठकीत विचारले होते, "तुम्हाला कुठल्या सालापर्यंत मागे जायचेय?" मला प्रश्न फार आवडला. मी लगेच सांगितले, १८९३. आकडा नुकताच हाताला लागला होता ना! त्याने वहीत लिहून घेतला आणि मग एकेक गोष्ट दाखवत गेला. छपरावरची मंगळुरी कौले काढावी लागतील. बासल मिशनने कौलांचा कारखाना मंगळूरला १८६५ मध्येच काढला होता, पण आमच्या आढ्याखालचे वासे जवळजवळ आहेत, ते नळीच्या कौलांचे वजन पेलण्यासाठी. म्हणजे मंगळुरी नंतरची. मागच्या सज्जाखालचा लोखंडी गर्डरही काढायचा, त्यावर डॉर्मन लाँग, मिडल्सबरो असा ठसा आहे. देवघराच्या ओट्याला लावलेल्या उठावाच्या गुलाबी फुलांच्या टाइल्स जपानी, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे अशा टाइल्स मुंबईला बोटीने यायच्या. त्याही जाणार. माजघराच्या मधोमधची भिंत भावाभावांच्या वाटणीची. तीही. तो गर्डर कुणीतरी सज्जा वाढवायला घातला होता, कारण मुलांना निजायला जागा नव्हती, हे मालकांच्या मुलाने फोनवर आठवून सांगितले. म्हणजे आमच्यासारखेच वाढते कुटुंब, फक्त आमच्या आधीचे.

युरोपात या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात मोठी भांडणे झाली. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक इमारतीला पूर्णत्वाला नेत होता, मग ती तशी पूर्ण कधीच नसली तरी चालेल. त्याला चिडून इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवणारी संस्था काढली, तिचे सांगणे असे की खरवडू नका, डागडुजी करा. आपल्याकडचा जीर्णोद्धार या दोघांच्याही अलीकडचा आणि पलीकडचा. जीर्ण झालेले उद्धरून घ्यायचे, पुन्हा वापरात आणायचे. ते पूर्वी जसे होते तसेच दिसावे असा आग्रह त्या शब्दात नाही. मी आर्किटेक्टला वहीतला आकडा खोडायला सांगितले. त्याने तो पेन्सिलने लिहिला होता.

वाटणीची भिंत आम्ही पाडली. पाळणा, सासूबाईंची खाट आणि जेवायची जागा एकत्र यायला ती जायलाच हवी होती. आधी मोजमापे घेतली, फोटो काढले. भिंतीच्या एका बाजूला चुन्याचे नऊ थर, दुसऱ्या बाजूला पाच. एक भाऊ दर दिवाळीला रंग देत असावा, दुसऱ्याला परवडत नसेल किंवा हौस नसेल. भांडण कशावरून झाले ते कागदांत कुठे नाही.

मागच्या दाराची गोष्ट मात्र अशी चटकन सुटली नाही.

मागच्या चौकात आडापलीकडे जुना संडास होता आणि त्याच्या पाठीमागे, बाहेरच्या बाजूला, दीड हात उंचीचे लोखंडी झडपेचे दार. ते उघडते एका बोळात. बोळ इतका अरुंद की दोन माणसे समोरासमोर येऊ शकत नाहीत. तिथून टोपली काढायची. घरात पाऊल न टाकता, चौक न ओलांडता, कुणाला न दिसता. पुढे कधीतरी फ्लशचा संडास झाला आणि झडप गंजून बसली. आर्किटेक्ट म्हणाला, ठेवू या, वाड्याच्या रचनेचा हा भाग आता कुठे शिल्लक नसतो. नवरा म्हणाला, विटांनी बंद करू, चोर शिरेल. मला तिथे न्हाणीघर हवे होते. सासूबाईंचे गुडघे माडी चढत नाहीत आणि बाळंतपण जवळ आलेले.

सासूबाई सहसा बांधकामात बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. त्यांचे माहेर बडोद्याचेच, वाडीतले. म्हणाल्या, "आमच्याकडे रोज सकाळी झाकणाचा आवाज यायचा. बाई यायची. लहानपणापासून लग्न होईपर्यंत मी तिचा आवाज ऐकला. तोंड एकदाही बघितलं नाही. दिवाळीला आई वरून तिच्या पदरात फराळ टाकायची. वरून." त्यांनी हाताने कसे ते दाखवले आणि आत गेल्या.

मी इतके दिवस या घराला कागदांतून वाचत होते, पण त्या झडपेचा कागदांत उल्लेख नाही. रोजमुरीच्या यादीत गवंडी आहे, सुतार आहे, पाणी भरणारा आहे. हे दार वापरणारी बाई कुठल्याच हिशेबात नाही. आणि मग ओघानेच १९१७ आठवले. गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून आलेले डॉ. आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला आले, अकाउंटंट जनरलच्या कचेरीत. या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात येऊन उभे राहिले. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडे विचारले, दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. रात्रीच्या गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी कमाटी बागेत काढले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. बागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

आमचे घर तेव्हा चोवीस वर्षांचे होते. वाटणी बहुधा व्हायची होती. माडीवर तीन खोल्या. कमाटी बाग इथून फार लांब नाही. त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर दिवा लागला असेल, मुले परवचा म्हणत असतील. मला एवढे नक्की ठाऊक आहे की त्यांनी या घराची कडी वाजवली असती तरी ती उघडली नसती, आणि मागचे दार ज्या माणसांसाठी होते त्यांच्यासाठी ते उंचीने दीड हात होते. या घराचे सौंदर्य दाखवत पाहुण्यांना फिरवताना मी आधी देवडीचे खांब दाखवते. आडापर्यंत आले की माझा आवाज बदलतो, असे नवरा म्हणतो.

शेवटी आम्ही दार बंद केले, पण विटा चार बोटे आत घेऊन बांधल्या, म्हणजे बाहेरून चौकट दिसत राहील. झडप काढून पेटीत ठेवली, मोडी कागदांशेजारी. आतून तिथे न्हाणीघर झाले. आर्किटेक्टला तडजोड पटली नाही, नवऱ्याला चार बोटे जागा फुकट गेल्यासारखी वाटली. मलाही ते बरोबर झाले असे खात्रीने म्हणता येत नाही.

तोपर्यंत जुलै उजाडला होता. चुना वेळेवर विरला नाही, सुतारकाकांचा मुलगा लग्नासाठी पंधरा दिवस गेला, आणि जे काम पावसाआधी संपायचे होते ते पावसात शिरले. कौले उतरवून धुऊन चौकात रचलेली, छपरावर ताडपत्री. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात ४०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. विश्वामित्री रस्त्यांवर आली, तिच्यातल्या मगरीही आल्या. मला आठवा महिना चालू होता. आम्ही फ्लॅटच्या खिडकीत बसून त्या घराचा विचार करत होतो आणि तिकडे जायला रस्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी नवरा पोहोचला. ताडपत्री फाटून गेली होती, माडीवर घोटाभर पाणी साचून मग उतरले होते, नव्या चुन्याचा एक आख्खा पट्टा ओघळून ओसरीत आला होता. खांब मात्र होते तिथे होते. चौकातले पाणी जुन्या मोरीने निघून गेले होते, ती मोरी कुणी कधी साफ केल्याचे आम्हाला आठवत नाही.

मुलगा महिनाभराने झाला. कौले तो तीन आठवड्यांचा असताना चढली. काम संपल्याच्या दिवशी सुतारकाकांनी नारळ फोडला, गूळ वाटला, आम्ही त्यांना पागोटे दिले. ते त्यांनी तिथेच बांधले आणि हसले. मग पटाशी काढून नव्या पायाच्या खांबाजवळ बसले आणि त्यांच्या सवयीने संवत २०७५ कोरू लागले. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बघत होत्या. म्हणाल्या, "खाली आमचेही लिहा, शके १९४१." काकांनी न कुरकुरता लिहिले.

मी रात्री हिशेब केला. दोन्ही वर्षे एकत्र येतात ती पाडव्यापासून दिवाळीपर्यंत. शंभर वर्षांनी कुणी काजळी पुसून हे आकडे वाचले, तर त्याला कळेल की कुणीतरी भर पावसाळ्यात छप्पर उघडले होते.